तेरा माणसांत एक कालवड

२२ मे १६२७ रोजी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत जनावरांची वाटणी झाली. गावात तेव्हा माणसं १५६. तेरा-तेरा जणांचे बारा गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. चौथी चिठ्ठी जॉन हाउलंडच्या गटाची निघाली. गटात तो स्वतः, त्याची बायको एलिझाबेथ, तीनेक वर्षांची डिझायर, काही महिन्यांचा तान्हा जॉन, शेजारचे ऑल्डन नवरा-बायको, त्यांची दोन मुलं आणि आणखी पाच जण. या सगळ्यांत मिळून एक कालवड आली. ‘जेकब’ जहाजातून आणलेल्या चार कालवडींपैकी ही एक, नाव रॅगहॉर्न.

वाटणीच्या कागदात पाळण्यातल्या जॉनचा हिस्सा त्याच्या बापाच्या हिश्श्याएवढाच आहे. अट अशी होती की जनावरं दहा वर्षं गटानं सांभाळायची, मुदत संपली की मूळ जनावर आणि निम्मी पैदास पुन्हा सामाईक व्हायची, उरलेली निम्मी गटाची कायमची. कालवड दूध देत नाही. ती वयात यायची वाट बघायची, फळवायची, मग नऊ महिने थांबायचं. वेत नीट झालं तर वासराला पाजून उरेल ते तेरा तोंडांत. तोवर तिला न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यातून जगवायचं म्हणजे दीड-दोन टन सुकं गवत हवं. ते गवत कुठून आणायचं, हा प्रश्न त्या दिवशी बारा गटांसमोर उभा राहिला. पुढच्या पन्नास वर्षांत तिथे जे घडलं त्यातलं पुष्कळसं या प्रश्नातून घडलं, असं माझं मत आहे.

हाउलंडबद्दल सहसा सांगतात ती गोष्ट समुद्रातली आहे. तो जॉन कार्व्हर यांच्याकडे करारानं बांधलेला नोकर म्हणून ‘मेफ्लॉवर’वर चढला. जहाज ६ सप्टेंबर १६२० ला इंग्लंडमधल्या प्लिमथहून सुटलं. (तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे.) प्रवासी १०२. वादळात शिडं उतरवून जहाज वाऱ्यावर सोडलेलं असताना हा वर डेकवर आला, जहाज कललं आणि तो पाण्यात गेला. वरच्या शिडाची दोरी समुद्रात लोंबत होती ती त्याच्या हाती लागली. कित्येक वाव खाली जाऊनही त्यानं ती सोडली नाही. खलाशांनी दोरी ओढून त्याला पृष्ठभागावर आणला आणि आकडीनं वर खेचला. काही दिवस आजारी पडला, पण तगला. त्याच्या वंशात पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणून ही दोरी फार प्रसिद्ध आहे. गोष्ट खरी आहे आणि थरारकही आहे. पण दोरीनं माणूस वाचतो. घर उभं राहायला वेगळ्या गोष्टी लागतात.

एलिझाबेथ टिली जहाजावर तेरा वर्षांची होती. सोबत आई-वडील जोन आणि जॉन, काका-काकू एडवर्ड आणि अ‍ॅन. डिसेंबरात वस्तीची जागा शोधायला जी होडी निघाली तिच्यात जॉन हाउलंड होता आणि हे दोघे टिली भाऊही होते. उडालेलं पाणी अंगावरच्या कपड्यांवर गोठत होतं आणि एडवर्ड टिलीला थंडीनं भोवळ येत होती. वाटेत सुकाणू मोडलं, डोलकाठीचे तीन तुकडे झाले, तशाच अवस्थेत होडी प्लिमथच्या खाडीत शिरली. वसंत येईपर्यंत एलिझाबेथचे चारही वडीलधारे गेले होते. त्या एका हिवाळ्यात जहाजातली जवळजवळ निम्मी माणसं मेली. विवाहित बायका अठरा होत्या, त्यांतल्या शरदातल्या सुगीपर्यंत चारच उरल्या. पुरुष निदान उघड्या हवेत लाकडं तोडत होते. बायका कित्येक आठवडे जहाजाच्या ओल्या, कोंदट पोटात आजाऱ्यांची सेवा करत राहिल्या, हे त्याचं एक कारण धरतात. एप्रिलमध्ये गव्हर्नर कार्व्हर शेतातून डोकं दुखतंय म्हणत परतले, काही तासांत त्यांची शुद्ध हरपली आणि थोड्याच दिवसांत ते गेले. पाच-सहा आठवड्यांनी त्यांच्या पत्नीही गेल्या. जॉनला मालक उरला नाही, एलिझाबेथला घर उरलं नाही. दोन-तीन वर्षांत या दोघांनी लग्न केलं.

वस्तीसाठी जी जागा निवडली तिथे शेतजमीन तयार होती. जंगल तोडलेलं, मुळं काढलेली, उतार ओढ्याकडे. ते पटुक्सेट नावाचं वाम्पानोआग लोकांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते गाव पुरतं ओस पडलं होतं. तिथला टिस्क्वांटम १६१४ मध्ये थॉमस हंट या इंग्रज कप्तानानं पळवून नेल्यामुळे साथीतून वाचला आणि १६१९ मध्ये परत आला तेव्हा त्याला कोणीच भेटलं नाही. त्याच माणसानं या नव्या लोकांना मका लावायला शिकवलं. जंगल साफ करून पहिलं पीक काढायला या अर्धमेल्या पन्नास माणसांना कित्येक वर्षं लागली असती. ती मेहनत मेलेल्या लोकांनी आधीच करून ठेवलेली होती, हे ध्यानात ठेवल्याशिवाय प्लिमथची गोष्ट कळत नाही.

मक्याचं तंत्र असं. ओकची पालवी उंदराच्या कानाएवढी झाली की पेरणीची वेळ. त्याच सुमारास हेरिंगच्या जातीचे मासे समुद्रातून टाउन ब्रुक ओढ्यात अंडी घालायला चढतात. चार-पाच फुटांवर आळी घ्यायची, दर आळ्यात दोन-तीन मासे ठेवायचे, माती लोटायची, वर मक्याचे तीन-चार दाणे. पाच फुटांचं अंतर धरलं तर एका एकरात सतराशेच्या वर आळी बसतात, म्हणजे माशांचा हिशेब पाच हजारांपर्यंत जातो. हे सगळे मासे धरणाच्या सापळ्यातून काढून टोपल्यांनी वाहून न्यायचे. मासा नाही घातला तर त्या जुन्या, वापरून दमलेल्या जमिनीत कणसं भरत नाहीत. घातला तर रात्री लांडगे येऊन आळी उकरतात. म्हणून मासा कुजेपर्यंत, साधारण चौदा रात्री, शेताची राखण करावी लागे. रोप गुडघ्याला आलं की खुरपणी, मग दर वेळी बुडाशी मातीची भर लावत जायची, म्हणजे मुळं धरतात आणि वादळात ताट आडवं होत नाही. आळ्यातच घेवडा लावला तर तो मक्यावर चढतो आणि भोपळ्याचे वेल मधली जमीन झाकून तण दाबतात. या सगळ्याला नांगर लागत नाही, कुदळ पुरते. गावात तेव्हा ओढकाम करणारं जनावर एकही नव्हतं, म्हणून ही गोष्ट निर्णायक ठरली.

१६२१ च्या वसंतात त्यांनी वीस एकर मका आणि सहा एकर बार्ली-वाटाणा लावला. मका चांगला आला, बार्ली बेताची. वाटाणा फुलावर आला आणि उन्हानं करपला, कारण पेरायला उशीर झाला होता. इंग्लंडच्या ढगाळ उन्हाळ्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला इथलं जूनचं ऊन ठाऊक नव्हतं. गव्हाचं दुखणं पुढे निघालं. १६६० च्या दशकात न्यू इंग्लंडच्या गव्हावर तांबेरा पडला आणि किनाऱ्यावरचा गहू जवळपास संपला. तांबेऱ्याची बुरशी बारबेरीच्या झुडपावर हिवाळ्यानंतरचा टप्पा काढते. मुरंब्यासाठी आणि कुंपणासाठी ती झुडपं वसाहतवाल्यांनी स्वतःच इंग्लंडहून आणून लावली होती.

पहिल्या वर्षाचं बियाणं कुठून आलं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर १६२० मध्ये केप कॉड या जवळच्या भूशिरावर उतरलेल्या टोळीनं वाळूत पुरलेली मक्याची कोठारं उकरली आणि तो मका नेला. मालक समोर नव्हते, विचारलं कोणालाच नाही. पुढच्या वर्षी नॉसेट लोकांना त्याची भरपाई दिली. देईपर्यंत त्या लोकांचा हिवाळा कसा गेला असेल, त्याची नोंद कोणी केली नाही.

घरासाठी जागेचं माप ठरलेलं होतं. माणशी अर्धा पोल रुंद, तीन पोल लांब, म्हणजे सव्वाआठ फूट गुणिले साडेएकोणपन्नास फूट. मोठ्या कुटुंबाला जास्त. सुट्या माणसांनी कुठल्यातरी कुटुंबात सामील व्हायचं, म्हणजे घरं कमी बांधावी लागतील. खांब थेट जमिनीत पुरलेले. यात पाया खोदायचा आणि दगड आणायचा त्रास वाचतो, पण खांब जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही भेटतात तिथेच कुजतो. पंधरा-वीस वर्षांत घर कलायला लागतं. भिंतींना बाहेरून फाळलेल्या ओकच्या फळ्या. सरळ रेषांचा, गाठी नसलेला ओंडका चार-पाच फुटांचा कापायचा आणि ओला असतानाच पाचर नि मोगरीनं मध्यापासून कडेकडे फाळत जायचं. अशी फळी वाळल्यावर पिळवटत नाही. करवतीनं कापलेली पिळवटते, आणि करवतीला दोन माणसं नि अख्खा दिवस लागतो. ओंडका वाळला की फाळ भलतीकडे धावते आणि लाकूड जळणात जातं. खिडकीला काच नव्हतीच. डिसेंबर १६२१ मध्ये एडवर्ड विन्स्लोनं मागून येणाऱ्यांसाठी इंग्लंडला जे पत्र धाडलं त्यात सांगितलं होतं की खिडक्यांना कागद आणि जवसाचं तेल आणा, दिव्यांसाठी सुती धागा आणा. तेल पाजलेल्या कागदातून उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही.

सगळ्यात मोठी भीती आगीची. १४ जानेवारी १६२१ ला सामाईक घराच्या गवती छपरावर ठिणगी पडली आणि छप्पर भडकलं. आत कार्व्हर आणि त्यांच्यामागून गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड आजारी पडलेले, शेजारी भरलेल्या बंदुका. छप्पर गेलं, माणसं वाचली. धुराडी लाकडाची असत, आतून मातीचा गिलावा. आच लागून माती तडकते, पोपडा पडतो, मागचं लाकूड उघडं पडतं आणि मग एखाद्या रात्री धुराडंच पेटतं. दर शरदात चिखल कालवून ते लिंपणं हे ठरलेलं काम होतं. अनेक घरं गेल्यावर जानेवारी १६२८ मध्ये गावानं ठरवलं की यापुढे राहत्या घरावर गवत, वेत, पेंढा काहीही घालायचं नाही, फळ्याच घालायच्या.

चुलीवर आडवा दांडा असे, त्याला आकड्यांनी भांडी टांगलेली. दांडा ओल्या लाकडाचा घेत, म्हणजे लवकर पेटत नाही. पण रोजच्या आचेनं तो आतून कोळत जातो, आणि बदलायला उशीर केला तर एक दिवस मोडून उकळतं भांडं खाली, खालच्या माणसांच्या पायावर. पुढे लोखंडी दांडा आला तो ज्यांना परवडला त्यांच्याकडेच. भांडी दोन जातींची. लोखंडी हंडा जाड, जड, आच धरून ठेवणारा, दिवसभर मंद शिजणाऱ्या खाण्यासाठी. पितळी पातेलं हलकं नि मोठं, मद्य गाळायला, दूध तापवायला, रंगाला, धुण्याला. ही भांडी वसाहतीत घडत नव्हती, जहाजातूनच येत. म्हणून मृत्युपत्रात त्यांची नावं घराच्या बरोबरीनं येतात.

एलिझाबेथच्या दिवसाचा मोठा भाग मका खात असे. विन्स्लोनं नोंदलेला शिधा माणशी आठवड्याला एक पेक. चार मोठी माणसं धरली तर आठवड्याला एक बुशेल, म्हणजे जवळपास २५ किलो मका लाकडी उखळात कांडायचा. वाळलेला दाणा दगडासारखा टणक असतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून साल सैल करायची, मग कांडायचं, पाखडायचं, चाळायचं. बारीक निघेल त्याची भाकरी, जाडसर राहील ते हंड्यात तासन् तास शिजवायचं, आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखं. मक्याच्या पिठाला गव्हासारखी चिकट धरण नसते. ते फुगत नाही, पाणी प्यायला वेळ घेतं, घाई केली तर भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहून तुटते. राई मिसळली की थोडी सुधारते. १६३६ मध्ये जॉन जेनीनं टाउन ब्रुकवर पाणचक्की उभारली, तेव्हा कुठे बायकांचे खांदे सुटले. या चक्कीला मी वसाहतीच्या इतिहासात कुठल्याही तहापेक्षा कमी जागा देणार नाही.

कर्जाचं पान लवकर उलटता येत नाही, कारण हाउलंड त्यात गळ्यापर्यंत होता. वसाहतीचा खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी केला होता. १६२७ च्या सुमारास हिशेब १,८०० पौंडांवर ठरला, वर्षाला २०० पौंड, नऊ वर्षं. ब्रॅडफर्ड, स्टँडिश, विन्स्लो, ऑल्डन, हाउलंड अशा आठ जणांनी ते अंगावर घेतलं. बदल्यात सहा वर्षं व्यापाराचा मक्ता त्यांचा, शिवाय वसाहतीतल्या प्रत्येक भागीदारानं दर साल तीन बुशेल मका किंवा सहा पौंड वजनाचा तंबाखू द्यायचा. मक्यातून कर्ज कसं फेडायचं, ते १६२५ मध्येच उमगलं होतं. विन्स्लो आणि काही जण उघड्या होडीला मध्यावर थोडंसं डेक ठोकून, मका भरून केनेबेक नदीवर, आजच्या मेन राज्यात गेले आणि बीव्हर या दाट लोकरीच्या, पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची ७०० पौंड वजनाची कातडी घेऊन आले. तिथे थंडीमुळे मका फारसा होत नव्हता, बीव्हर मुबलक होता.

बीव्हरच्या कातड्याला दोन थर असतात, वर राठ लांब केस, खाली दाट मऊ लोकर. टोप्यांचं नमदं खालच्या लोकरीचं होतं, कारण तिच्या तंतूला बारीक खवले असतात आणि ते एकमेकांत अडकतात. नवं कातडं घेतलं तर राठ केस उपटायची मजुरी पडते. तिथल्या लोकांनी वर्षभर अंगावर पांघरलेलं कातडं असलं तर राठ केस आपोआप झडलेले असतात, म्हणून वापरलेल्या कातड्याला भाव जास्त, १६३० च्या दशकात पौंडभर वजनाला वीस शिलिंग आणि कधी त्याहून वर. १६३१ ते १६३६ या काळात प्लिमथनं वजनानं बारा हजार पौंडांवर बीव्हर इंग्लंडला पाठवला. तरी कर्ज हलेना. लंडनचे हिशेब येत नव्हते, मधल्या माणसांचे खर्च वाढत होते आणि शेवटची मिटवामिटव व्हायला १६४० चं दशक बरंचसं सरलं.

केनेबेकच्या ठाण्याचा कारभार काही काळ हाउलंडकडे होता. एप्रिल १६३४ मध्ये पिस्कॅटाक्वा या दुसऱ्या इंग्रज वस्तीतला हॉकिंग नावाचा व्यापारी ठाण्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकून बसला, म्हणजे वरून येणारी कातडी आधी त्याच्या हाती. हाउलंडनं समजावून पाहिलं, मग त्याच्या होडीचे दोर कापायला माणसं धाडली. हॉकिंगनं मोझेस टॅल्बटला गोळी घालून मारलं, टॅल्बटच्या सोबत्यानं हॉकिंगला. पुढे बीव्हरच संपत आला. दरसाल जन्मतात त्याहून जास्त मारले की दुसरं काय होणार? १६६१ मध्ये तो सगळा केनेबेकचा परवाना ४०० पौंडांना विकला गेला.

बीव्हर आटला, जनावरं मात्र वाढत गेली. १६३० नंतर शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत हजारोंनी नवी माणसं उतरली, त्यांना गाई हव्या होत्या आणि भाव चढले. ब्रॅडफर्डनं १६३२ च्या नोंदीत दुःखानं म्हटलंय की आता जनावरं आणि ती पोसायला पुष्कळ जमीन असल्याशिवाय आपण जगू, असं कोणालाच वाटेना. लोक खाडीपलीकडे डक्सबरीला पांगले, चर्च फुटलं. गवताचा प्रश्न इथे सुटत होता. भरतीच्या पाण्याखाली येणारी खारी कुरणं झाडं न तोडता, न पेरता गवत देतात. अडचण एवढीच की कापणी लहान भरतीच्या दिवसांतच करावी लागते, चिखलात बैल रुतायला नको म्हणून थंडी पडून जमीन गोठल्यावर गंज ओढून आणावी लागते, आणि तोवर गंज खांबांच्या माचीवर रचावी लागते, म्हणजे मोठी भरती आली तरी खालून पाणी जातं. ज्याच्या दारात असं कुरण, तो श्रीमंत. १६३८ च्या सुमारास हाउलंडनं चक्कीवाल्या जेनीकडून रॉकी नूकची वाडी घेतली, घर आणि गोठ्यासकट. आजचं किंग्स्टन गाव, समोर खाडी.

त्या घरात दहा मुलं वाढली. डिझायर, जॉन, होप, एलिझाबेथ, लिडिया, हॅना, जोसेफ, जाबेझ, रूथ, आयझॅक. दहाच्या दहा मोठी झाली, दहांचीही लग्नं झाली, आणि नातवंडांचा आकडा अठ्ठ्याऐंशी असा सांगितला जातो. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये हे अकल्पनीय होतं. घरं लांब लांब, ओढ्यांचं स्वच्छ पाणी, हिवताप नाही, कडक थंडी, आणि पहिली वर्षं सरल्यावर मका, मासे, दूध पोटभर. व्हर्जिनियात याच काळात माणसं खाडीच्या मचूळ पाण्यानं आणि तापानं मरत होती. एलिझाबेथनं तेराव्या वर्षी आपली सगळी माणसं एका हिवाळ्यात गमावली होती. तिच्या अंगणात एकही मूल दगावलं नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि दहा मुलं म्हणजे दहा नवी घरं, प्रत्येकाला शेत, जळणाचं रान, कुरण. डिझायर, होप आणि धाकटा जॉन बार्नस्टेबलला गेले, आयझॅक मिडलबरोला, लिडिया आणि हॅना पश्चिमेला स्वॉन्सीला. स्वॉन्सी ज्या मुलखात वसलं तो सोवाम्स, म्हणजे ऊसामेक्विनचा, ज्याला इंग्रज मॅसासॉइट म्हणत त्याचा, घरचा मुलूख. त्यानंच मार्च १६२१ मध्ये या अर्धमेल्या लोकांशी तह करून त्यांना जगू दिलं होतं. १६५३ मध्ये सोवाम्सची जमीन ३५ पौंडांना घेतली. इंग्रजांची डुकरं नि गुरं मोकाट सुटत, वाम्पानोआग लोकांच्या बिनकुंपणाच्या मक्यात शिरत, डुकरं किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या जागाही उकरत. तक्रार घेऊन गेलं की उत्तर मिळे, कुंपण घाला. शेकडो वर्षं ज्या शेताला कुंपण लागलं नव्हतं त्याला आता दुसऱ्याच्या डुकरासाठी घालायचं, हा न्याय कुणालाही पटणारा नव्हता.

जून १६७५ मध्ये ऊसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम आणि प्लिमथ यांच्यात लढाई जुंपायच्या बेताला आली तेव्हा त्याच्याकडे निरोप घेऊन गेलेला माणूस लिडियाचा नवरा जेम्स ब्राउन. उपयोग झाला नाही. पहिला हल्ला स्वॉन्सीवरच झाला. डिझायरचा नवरा कॅप्टन जॉन गोरम डिसेंबरातल्या ग्रेट स्वॉम्पच्या लढाईनंतर तापानं आजारी पडून फेब्रुवारीत गेला, तोही स्वॉन्सीत. त्या दलदलीत इंग्रजांनी नारागान्सेट या दुसऱ्या स्थानिक जमातीच्या गढीला आग लावली होती आणि आत बायकामुलं होती. जाबेझ आणि आयझॅक बेंजामिन चर्च या इंग्रज कप्तानाच्या तुकडीत होते. याच तुकडीनं १२ ऑगस्ट १६७६ ला माउंट होपजवळ मेटाकॉमला मारलं. त्याचं डोकं प्लिमथच्या किल्ल्यावर खांबाला लावलं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. त्याच्या बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलाला गुलाम म्हणून विकलं. किल्ल्याखालच्या गावात जाबेझचं घर आहे, १६६७ च्या सुमाराचं, आजही उभं.

हे बघायला जॉन नव्हता. तो फेब्रुवारी १६७३ मध्ये गेला, ऐंशी ओलांडून. एलिझाबेथ म्हातारपणी लिडियाकडे स्वॉन्सीत राहिली. १७ डिसेंबर १६८६ ला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तिनं मृत्युपत्र केलं. जोसेफला वजनकाटा. आयझॅकला मोठं पितळी पातेलं, जे आधीच त्याच्याकडे होतं. लिडियाला चांगली पिसांची गादी, हिरवं जाड पांघरूण आणि लहान पितळी पातेलं. एका नातीला चार मेंढ्या, दुसरीला उत्तम पेटी आणि अंथरूण गरम करायचं निखाऱ्यांचं भांडं, एका नातवाला डक्सबरीतली जमीन, लगतच्या कुरणासकट. मोठा लोखंडी हंडा, आकड्यांसह, जाबेझला.

जाबेझ तेव्हा प्लिमथमध्ये नव्हता. युद्धानंतर माउंट होपचा सगळा मुलूख जिंकलेला म्हणून प्लिमथकडे आला, १६८० मध्ये तो बॉस्टनच्या चार व्यापाऱ्यांना विकला गेला आणि त्यांनी तिथे ब्रिस्टल गाव वसवलं. जाबेझ गावातलं घर विकून पहिल्या वस्तीतच तिकडे गेला. खाडीला लागून कुरणं होती. शेतजमीन मोकळी होती, झाडं तोडायची गरज नव्हती, कारण १६७५ च्या उन्हाळ्यात इंग्रज फौज तिथे पोहोचली तेव्हा मेटाकॉमच्या पोकानोकेट लोकांचा मका शेतात उभा होता.